तळवलीत बिऱ्हाड थाटण्यापूर्वी

कामधंद्यासाठी गाव सोडून नवी मुंबईत आलेले जोडपे आधी भाडे विचारते, कागद मागाहून. घणसोली-रबाळेलगतचे तळवली त्यांना परवडते. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा जवळ, २००४ पासून ठाणे-वाशी लोकलही आहे. सिडकोने जमिनी घेतल्यावर इथल्या गावांत भाडे हेच अनेकांचे उत्पन्न झाले. गावठाणांत विनापरवाना इमारतीही बऱ्याच उठल्या. अशी इमारत पाडली गेली तर डिपॉझिट अडकते, आणि ते बहुधा शिलाई मशीनसाठी साठवलेलेच पैसे असतात! म्हणून बांधकाम परवानगी आधी पाहावी, असे आम्ही सुचवू. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी व नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. करारात नवरा-बायको दोघांची नावे घालावीत. घरातून धंदा करणार असाल तर तेही त्यातच लिहून घ्यावे.