युरोपीय माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान : आव्हाने आणि संधी

प्रस्तावना :

माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाचा विषय निघाला की अमेरिका, चीन, तैवान, दक्षिण कोरिया ही नावे प्रथम डोळ्यांसमोर येतात. युरोपचा उल्लेख होतो तो बहुधा नियम करणारा आणि दंड आकारणारा प्रदेश म्हणून. वस्तुतः आजच्या डिजिटल जगाचे अनेक आधारस्तंभ युरोपात उभे राहिले. वर्ल्ड वाइड वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत १९८९ मध्ये मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्र जगासाठी विनामूल्य खुले केले. लिनक्सचा प्रारंभ १९९१ मध्ये हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने केला. आजच्या बहुतेक सर्व मोबाईल फोनमधील प्रोसेसर ज्या रचनेवर आधारलेले आहेत ती आर्म रचना इंग्लंडमधील केंब्रिजची आहे.

असे असूनही जगातील सर्वांत मोठ्या ५० तंत्रज्ञान कंपन्यांपैकी केवळ चार युरोपीय आहेत, असे मारिओ द्राघी यांनी युरोपीय आयोगाला सप्टेंबर २०२४ मध्ये सादर केलेल्या अहवालात नमूद केले आहे. ज्या भूमीत कल्पना जन्मते, तेथेच तिचे मोठ्या उद्योगात रूपांतर का होत नाही, हा प्रस्तुत लेखाचा मूळ प्रश्न आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) युरोपीय माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाच्या यशाची व पीछेहाटीची कारणे स्पष्ट करणे.
२) त्यापुढील प्रमुख आव्हानांचा व उपलब्ध संधींचा आढावा घेणे.
३) या अनुभवातून भारतासाठी कोणता बोध घेता येईल याचा विचार करणे.

प्रस्तुत लेख दुय्यम साधनांवर आधारित असून त्यासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. येथे ‘युरोप’ ही संज्ञा प्रामुख्याने युरोपीय संघाच्या २७ सदस्य राष्ट्रांसाठी वापरली आहे. ब्रिटन व स्वित्झर्लंड यांचा उल्लेख ऐतिहासिक संदर्भात आला आहे. युरोपने जेथे सामायिक व्यवस्था प्रत्यक्षात उतरवली तेथे तो जगाच्या पुढे गेला आणि जेथे राष्ट्रागणिक वेगळी व्यवस्था कायम राहिली तेथे मागे पडला, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

१. सामायिक मानकाचे यश : जीएसएम

१९८० च्या दशकात युरोपातील मोबाईल सेवा ॲनालॉग पद्धतीची होती आणि ती देशागणिक भिन्न होती. नॉर्डिक देशांत १९८१ पासून एनएमटी, ब्रिटनमध्ये टॅक्स, पश्चिम जर्मनीत सी-नेट्झ अशा परस्परांशी न जुळणाऱ्या प्रणाली होत्या. परिणामी बहुतेक देशांत सीमा ओलांडताच फोन निरुपयोगी ठरे. प्रत्येक देशाची बाजारपेठ लहान असल्यामुळे उपकरणेही महाग राहत.

ही अडचण ओळखून युरोपीय टपाल व दूरसंचार प्रशासनांच्या परिषदेने १९८२ मध्ये एक अभ्यासगट नेमला. त्याच्या फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरूनच पुढे ‘जीएसएम’ हे नाव रूढ झाले. सप्टेंबर १९८७ मध्ये कोपनहेगन येथे १३ देशांतील दूरसंचार संस्थांनी सामंजस्य करारावर स्वाक्षऱ्या केल्या आणि नवी डिजिटल सेवा ठरावीक मुदतीत सुरू करण्याचे मान्य केले. त्याच वर्षी ९०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील लहरी या सेवेसाठी राखून ठेवण्याचा निर्देश युरोपीय समुदायाने दिला. १९८८ मध्ये मानके ठरवण्यासाठी एट्सी ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये जीएसएमवरून पहिला संवाद झाला.

या यशाचे मर्म केवळ तांत्रिक श्रेष्ठतेत नव्हते. एकच मानक, एकच लहरपट्टा आणि एकच कालमर्यादा या तीन गोष्टी एकत्र आल्या. त्यामुळे उत्पादकांना संपूर्ण खंडाची बाजारपेठ मिळाली, उत्पादन वाढले आणि किमती उतरल्या. ग्राहकाची ओळख सिमकार्डमध्ये ठेवल्याने फोन आणि सेवा वेगळ्या झाल्या. ग्राहक फोन बदलू शकला आणि परदेशातही तोच क्रमांक वापरू शकला. पुढे हे मानक युरोपाबाहेर पसरले. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी मोबाईल सेवेचा प्रारंभ झाला तोही जीएसएम तंत्रावरच.

२. मानकाकडून मंचाकडे : नोकियाचा धडा

जीएसएमच्या लाटेवर फिनलंडच्या नोकियाने मोठी झेप घेतली. २००७ च्या सुमारास जगात विकल्या जाणाऱ्या दर दहा मोबाईल फोनपैकी जवळपास चार नोकियाचे होते. त्याच वर्षी ॲपलचा आयफोन आला आणि २००८ मध्ये अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन बाजारात आला. त्यानंतर स्पर्धेचे स्वरूपच पालटले. फोन किती मजबूत आहे यापेक्षा त्यावर कोणती ॲप्स चालतात हे निर्णायक ठरले. मानक सर्वांसाठी खुले असते. मंच मात्र एका कंपनीच्या मालकीचा असतो आणि जितके वापरकर्ते वाढतात तितके नवे वापरकर्ते व सॉफ्टवेअर निर्माते त्याकडे ओढले जातात. नोकियाची सिम्बियन प्रणाली या शर्यतीत टिकू शकली नाही. अखेर २०१३ मध्ये मोबाईल फोन विभाग मायक्रोसॉफ्टला विकण्याचा निर्णय झाला व २०१४ मध्ये तो व्यवहार पूर्ण झाला. नोकिया संपली मात्र नाही. स्वीडनच्या एरिक्सनबरोबर ती आज ५-जी जाळ्याची उपकरणे पुरवणाऱ्या जगातील मोजक्या कंपन्यांपैकी एक आहे.

याच काळातील दुसरी घटनाही बोलकी आहे. तिसऱ्या पिढीच्या सेवेसाठी तांत्रिक मानक सामायिक होते. परंतु परवान्यांचे वाटप प्रत्येक देशाने स्वतंत्रपणे केले. २००० मधील लिलावांतून ब्रिटनने सुमारे २२.५ अब्ज पौंड, तर जर्मनीने सुमारे ५० अब्ज युरो मिळवले. सरकारी तिजोऱ्या भरल्या, पण दूरसंचार कंपन्या कर्जाच्या ओझ्याखाली दबल्या. तंत्र एक असूनही धोरण अनेक असले तर काय घडते, याचे हे ठळक उदाहरण होय.

३. विभागलेली बाजारपेठ : मूळ आव्हान

युरोपीय संघाची लोकसंख्या सुमारे ४५ कोटी आहे आणि क्रयशक्तीही मोठी आहे. कागदावर ही एकच बाजारपेठ आहे. व्यवहारात मात्र नवउद्योजकाला देशागणिक वेगळे कंपनी कायदे, करव्यवस्था, दिवाळखोरीचे नियम आणि एकूण २४ अधिकृत भाषा यांना तोंड द्यावे लागते. अमेरिकेतील उद्योजक पहिल्या दिवसापासून एका भाषेत एका विशाल बाजारपेठेला उद्देशून सेवा तयार करतो. एस्टोनिया वा पोर्तुगालमधील उद्योजकाला देशाबाहेर पडताच जणू पुन्हा आरंभ करावा लागतो. दूरसंचार क्षेत्रात अमेरिका व चीन येथे मूठभर कंपन्या असताना युरोपात त्या डझनांनी आहेत. संघांतर्गत प्रवासात लागणारे रोमिंगचे जादा शुल्क रद्द होण्यासही १५ जून २०१७ उजाडावा लागला.

भांडवलाचा प्रश्न याच्याशीच निगडित आहे. युरोपीय उद्योग परंपरेने बँकांच्या कर्जावर अवलंबून आहेत. ज्या उद्योगाकडे तारण ठेवण्यास यंत्रे वा जमीन नसते, केवळ सॉफ्टवेअर व कल्पना असते, त्याला बँक सहजासहजी कर्ज देत नाही. जोखीम पत्करणारे भांडवलही देशोदेशी विखुरलेले आहे. परिणामी उद्योग वाढीच्या टप्प्यावर आला की त्याचे पाय अमेरिकेकडे वळतात. द्राघी अहवालानुसार २००८ ते २०२१ या काळात युरोपात स्थापन झालेल्या, एक अब्ज डॉलरहून अधिक मूल्याच्या नवउद्योगांपैकी सुमारे ३० टक्क्यांनी आपले मुख्यालय युरोपाबाहेर हलवले. स्काइपचे सॉफ्टवेअर एस्टोनियातील अभियंत्यांनी लिहिले. २००३ मध्ये सुरू झालेली ही सेवा २००५ मध्ये ईबेकडे आणि २०११ मध्ये ८.५ अब्ज डॉलरना मायक्रोसॉफ्टकडे गेली. मे २०२५ मध्ये ती बंदही झाली.

या स्थितीचे प्रतिबिंब युरोपच्याच कायद्यात उमटले आहे. डिजिटल बाजार कायद्याखाली सप्टेंबर २०२३ मध्ये ज्या सहा कंपन्यांना ‘द्वारपाल’ ठरवण्यात आले त्यांपैकी पाच अमेरिकी आणि एक चिनी होती. २०२४ मध्ये त्यात बुकिंगची भर पडली. ही सेवा नेदरलँड्समध्ये जन्मली हे खरे. परंतु तिची मालकी २००५ पासून अमेरिकी कंपनीकडे आहे.

४. नियमनाचे सामर्थ्य आणि त्याची किंमत

मंचांच्या शर्यतीत मागे पडलेल्या युरोपने नियमनाच्या क्षेत्रात मात्र पुढाकार घेतला. येथेही वरील सूत्रच दिसते. १९९५ चा डेटा संरक्षण निर्देश प्रत्येक राष्ट्राने स्वतःच्या कायद्याद्वारे अमलात आणला, त्यामुळे तरतुदींत तफावत राहिली. २०१६ मध्ये संमत झालेला व २५ मे २०१८ पासून लागू झालेला जीडीपीआर हा सर्व सदस्य राष्ट्रांना थेट बंधनकारक आहे. गंभीर उल्लंघनासाठी २ कोटी युरो किंवा जागतिक वार्षिक उलाढालीच्या ४ टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तितका दंड होऊ शकतो. मे २०२३ मध्ये आयर्लंडच्या नियामकाने मेटा कंपनीला १.२ अब्ज युरोंचा दंड केला.

युरोपीय नियम युरोपाबाहेरही प्रभावी ठरण्याच्या या प्रक्रियेला कायद्याच्या अभ्यासक अनू ब्रॅडफर्ड यांनी ‘ब्रुसेल्स परिणाम’ असे नाव दिले. मोठ्या बाजारपेठेसाठी एक आणि उर्वरित जगासाठी दुसरी अशी दोन उत्पादने बनवणे कंपन्यांना परवडत नाही. म्हणून त्या अनेकदा कडक नियमच सर्वत्र पाळतात. डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या सामायिक चार्जरच्या नियमापूर्वीच, २०२३ मध्ये, ॲपलने आयफोनवर यूएसबी टाइप-सी आणले, हे त्याचे परिचित उदाहरण होय. कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचा कायदाही १ ऑगस्ट २०२४ रोजी अस्तित्वात आला असून त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याची योजना आहे.

तथापि नियमांची किंमतही असते. अनुपालनासाठी वकील व तज्ज्ञ नेमणे बलाढ्य कंपनीला सहज शक्य असते. दहा माणसांच्या उद्योगाला ते जड जाते. बलाढ्यांना आवरण्यासाठी केलेला नियम लहानांनाच अधिक बोचण्याचा धोका असतो. शिवाय ज्याच्या हाती उद्योग नाही, त्याचे नियम किती काळ मानले जातील, हाही प्रश्न उरतो.

५. अर्धवाहक क्षेत्र : बलस्थान आणि महत्त्वाकांक्षा

या प्रश्नाचे आश्वासक उत्तर नेदरलँड्समधील वेल्डहोवेन येथे मिळते. १९८४ मध्ये स्थापन झालेली एएसएमएल ही कंपनी १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांनी चिपवर सूक्ष्म आकृत्या उमटवणारी यंत्रे व्यापारी तत्त्वावर बनवणारी जगातील एकमेव कंपनी आहे. त्यांतील आरसे जर्मनीच्या झाइसचे, लेसर जर्मनीच्याच ट्रुम्फचे, आणि दीर्घकालीन संशोधनात बेल्जियममधील आयमेक संस्थेचे साहाय्य. तैवानमधील सर्वांत प्रगत चिपही या यंत्रांविना बनत नाहीत. राष्ट्रांच्या सीमा ओलांडून झालेल्या प्रदीर्घ सहकार्याचे हे फळ आहे.

याउलट, अनुदानाच्या बळावर घेतलेली झेप अडखळताना दिसते. सप्टेंबर २०२३ मध्ये लागू झालेल्या चिप कायद्याने जागतिक उत्पादनातील वाटा २०३० पर्यंत २० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. युरोपीय लेखापरीक्षकांनी एप्रिल २०२५ मध्ये हे उद्दिष्ट साध्य होण्याची शक्यता फारच कमी असल्याचे म्हटले. माग्डेबुर्ग येथील नियोजित कारखाना इंटेलने जुलै २०२५ मध्ये रद्द केला. तैवानच्या टीएसएमसीने युरोपीय भागीदारांसह ड्रेस्डेन येथे हाती घेतलेल्या कारखान्याचे भूमिपूजन मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये झाले.

६. संधी

(अ) डिजिटल प्रशासन : सुमारे १३ लाख लोकसंख्येच्या एस्टोनियाने २००१ मध्ये एक्स-रोड ही व्यवस्था उभारली. सर्व माहिती एका ठिकाणी न साठवता विविध खात्यांतील नोंदी सुरक्षितपणे परस्परांशी जोडणे, हे तिचे तत्त्व. २००७ च्या सायबर हल्ल्यांनंतरही देशाने ही वाट सोडली नाही. फिनलंडनेही हीच व्यवस्था स्वीकारली.

(आ) बहुभाषिकता : २४ भाषा ही अडचण आहे, तशीच ती यंत्रानुवादाची प्रयोगशाळाही आहे. संघाची समांतर भाषांतरित कागदपत्रे या संशोधनाला मोठा आधार ठरली. कोलोन येथील डीपएल ही सेवा याच वातावरणात वाढली.

(इ) संगणकीय क्षमता : सामायिक गुंतवणुकीतून उभारलेला जर्मनीतील युलिश येथील ज्युपिटर हा महासंगणक सप्टेंबर २०२५ मध्ये कार्यान्वित झाला.

(ई) मनुष्यबळ : २०३० पर्यंत या क्षेत्रात २ कोटी तज्ज्ञ असावेत असे संघाचे लक्ष्य आहे, २०२३ मध्ये ते सुमारे ९८ लाख होते. ही तूट परदेशी तज्ज्ञांसाठी, अर्थातच भारतीयांसाठीही, संधी ठरते.

७. भारतीय संदर्भ

भारताशी हा विषय दोन प्रकारे जोडलेला आहे. पुणे, बंगळूर यांसारख्या शहरांतून युरोपीय ग्राहकांचे काम करणाऱ्या कंपन्यांना जीडीपीआरची बंधने लक्षात घ्यावी लागतात. तसेच न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात युरोपीय व्यवस्थेचा सविस्तर विचार केला आणि पुढे २०२३ मध्ये भारताचा वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा झाला. भारतही बहुभाषिक आहे. परंतु येथे चलन एक, दूरसंचार नियामक एक आणि डिजिटल देयक व्यवस्थाही सामायिक आहे. युरोपला जे कष्टाने मिळवावे लागते ते आपल्याला मुळातच लाभले आहे. उणीव आहे ती एएसएमएलसारख्या, चाळीस वर्षे एका प्रश्नाचा पाठपुरावा करणाऱ्या संशोधनसंस्कृतीची.

निष्कर्ष :

१) युरोपची पीछेहाट प्रतिभेच्या अभावामुळे झालेली नाही, विखुरलेली बाजारपेठ व भांडवल हे तिचे मुख्य कारण आहे.
२) मानक सामायिक असणे आवश्यक आहे, परंतु पुरेसे नाही. धोरण, लहरी व भांडवल यांतही एकवाक्यता लागते.
३) नियमन हे प्रभावी साधन आहे; मात्र त्याला औद्योगिक क्षमतेची जोड नसल्यास त्याचा प्रभाव क्षीण होऊ शकतो.
४) अनुदानाने कारखाना आणता येतो, पण अपरिहार्यता दीर्घकालीन संशोधनातूनच निर्माण होते.

समारोप :

१९८७ मध्ये कोपनहेगनला जमलेल्या तेरा देशांच्या प्रतिनिधींकडे कोणतेही विलक्षण यंत्र नव्हते. आपली स्वतंत्र प्रणाली सोडून सर्वांची एक प्रणाली स्वीकारण्याची तयारी मात्र होती. क्लाउड, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि अर्धवाहक या क्षेत्रांत आज युरोपपुढे तीच कसोटी आहे. ती तो कशी पार पाडतो, यावर परकीय मंचांवर विसंबून असलेल्या अनेक समाजांना पर्याय उरणार की नाही, हेही काही अंशी अवलंबून आहे. म्हणूनच हा प्रश्न केवळ युरोपचा नाही.