आगगाडीतला दिवा कशावर जळतो?

मी कलाशाखेचा विद्यार्थी. विजेशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता. तरीही परभणी-नांदेड ये-जा करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना पडणारा प्रश्न मलाही पडला : पॅसेंजर क्रॉसिंगला फार वेळ थांबली, की दिवे मंद का होतात?

जुन्या पद्धतीच्या डब्यात वीज डब्याखालीच तयार होते. चाकाच्या आसावरून पट्टा घेऊन जनित्र फिरवतात. सायकलच्या डायनॅमोचाच हा थोरला भाऊ! ही वीज ११० व्होल्टची करून दिवे-पंख्यांना देतात आणि उरलेली बॅटऱ्यांत साठवतात. साध्या डब्याला साडेचार किलोवॅटचे जनित्र पुरते. वातानुकूलित डब्याला २५ किलोवॅटची मोठी जनित्रे लागतात.

मात्र गाडी थांबली की जनित्रही थांबते आणि सारा भार बॅटरीवर पडतो. एक्स्प्रेस गाडी वेगाने धावून बॅटरी पुन्हा भरून घेते. दर स्टेशनाला थांबणाऱ्या पॅसेंजरला ती सवड मिळत नाही. त्यातून बॅटरी जुनी असेल, तर विचारूच नका. म्हणजे ज्याचे तिकीट स्वस्त, त्याचाच दिवा आधी मंदावतो!

एल.एच.बी. डब्यांच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत निराळी सोय आहे. गाडीच्या टोकांना जोडलेल्या जनरेटरच्या डब्यांतून ७५० व्होल्टची वीज साऱ्या गाडीला जाते. प्रत्येक डब्यातले रोहित्र तिचा दाब उतरवते. यात डिझेल जळते, गोंगाटही होतो. म्हणून आता तिसरी पद्धत रूढ झाली आहे : विजेचे इंजिन वरच्या २५,००० व्होल्टच्या तारेतून वीज घेते आणि तीच डब्यांना पुरवते.

ही तार आपल्या दारात आली आहे. मध्य रेल्वेच्या विद्युतीकरणाचा शेवटचा टप्पा औसा रोड-लातूर रोड हाच होता. तो फेब्रुवारी २०२३ मध्ये पुरा झाला. ज्या लातूरला १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी आली, त्याच लातूरजवळ हरंगुळच्या कारखान्यात २५ डिसेंबर २०२० रोजी डब्याचा पहिला सांगाडा तयार झाला.

मेमू गाडी दिव्यांची वीजही तारेतूनच घेते; ती उभी असो वा धावती, उजेड सारखाच. तार आलीच आहे, तर तिचा उजेड केवळ वातानुकूलित डब्यांत न राहता, संध्याकाळी पुस्तक उघडून बसणाऱ्या पासधारक विद्यार्थ्यापर्यंतही पोहोचावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.