लाचखाऊ अधिकाऱ्याचा वकील

सातबाऱ्यावर वारसांची नावे लावायची आहेत. बाप गेला, मागे तीन भाऊ. कागद सगळे बरोबर आहेत. तरी कचेरीतला माणूस म्हणतो, "बघू, पुढच्या आठवड्यात या." पुढच्या आठवड्यात तो हळूच पैसे मागतो. अशी गोष्ट कधी ऐकली नाही असा माणूस आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात सापडायचा नाही. मग एखादा धीट माणूस तक्रार करतो. सापळा लागतो. अधिकारी पकडला जातो. गावाला बरे वाटते. आणि चार दिवसांनी कळते, की त्या अधिकाऱ्याने रत्नागिरीचा चांगला नावाजलेला वकील दिला आहे. मग लोक आम्हाला विचारतात, "गुरुजी, एवढा शिकलेला माणूस हा. लाचखाऊची बाजू घ्यायला ह्याला लाज कशी वाटत नाही?"

प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर द्यायचे तर आधी सापळा कसा लागतो आणि कोर्टात काय चालते, ते समजून घ्यावे लागेल.

तक्रारदार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जातो. ह्या विभागाचा फोन १०६४. त्याला पैसे पडत नाहीत. अधिकारी खरोखरच पैसे मागतो की काय, हे विभाग आधी पडताळून पाहतो. पंचाला तक्रारदाराबरोबर पाठवतात, बोलणे यंत्रावर टिपून घेतात. मग नोटांचे नंबर पंचनाम्यात लिहितात आणि नोटांना एक पांढरी पूड लावतात. पूड हाताला लागली तरी डोळ्यांना दिसत नाही. पण ती बोटे सोड्याच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होते.

लोकांना वाटते, पाणी गुलाबी झाले म्हणजे खटला संपला. तसे नाही बरे. त्या पाण्याने एवढेच कळते, की ह्या हाताने त्या नोटांना स्पर्श केला. पैसे कशाचे, हे पाणी सांगत नाही. तलाठी शेतसाराही घेतो. कुणी हातउसने परत करतो. कुणी जुन्या रागापायी नोटा टेबलावर टाकून पळतो. म्हणून कायदा दोन गोष्टी मागतो. अधिकाऱ्याने पैसे मागितले हे एक, आणि समजून उमजून घेतले हे दुसरे. दोन्ही शाबीत झाल्या, म्हणजे ते पैसे लाचेचेच होते असे कोर्ट धरून चालते. मग ते तसे नव्हते हे दाखवणे अधिकाऱ्याकडे येते. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी १५ डिसेंबर २०२२ रोजी हीच गोष्ट पक्की केली. शिवाय असेही सांगितले, की तक्रारदार मेला किंवा फिरला म्हणून खटला आपोआप बुडत नाही. दुसऱ्या पुराव्यानेही गुन्हा शाबीत करता येतो. गुन्हा शाबीत झाला, तर लाच घेणाऱ्याला कमीत कमी तीन वर्षे आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद होते. वर दंड.

आता वकिलाचे काम बघा. "माझा पक्षकार देवमाणूस आहे" असे सांगायला तो उभा राहत नाही. तो विचारतो, "मागणी कुणी ऐकली? पंच किती हातांवर उभा होता? टिपून घेतलेला आवाज नीट ऐकू येतो का? खटला भरायला वरिष्ठांची मंजुरी घेतली का?" एवढे विचारणे हा त्याचा हक्क आहे. खोटा साक्षीदार उभा करणे, साक्षीदाराला पैसे चारणे, कागद बदलणे हे मात्र त्याच्या हक्कात बसत नाही. तो गुन्हाच आहे. असे करणारे वकील नाहीत असे आम्ही म्हणत नाही.

आमचा एक जुना विद्यार्थी रत्नागिरीच्या कोर्टात पंचवीस वर्षे वकिली करतो आहे. नाव सांगत नाही. गेल्या पावसाळ्यात तो भेटला, तेव्हा चेहरा अगदी उतरलेला. अशाच एका लाचेच्या खटल्यात तो अधिकाऱ्याच्या बाजूने उभा आहे. तारखांवर तारखा पडतात. बाजारात लोक त्याच्याकडे बघून आपसात कुजबुजतात. बायकोला शेजारणी टोमणे मारतात. पक्षकार रोज फोन करून रडतो, आणि फी मात्र थकवतो.

आम्ही त्याला सरळ विचारले, "अरे, त्याने घेतले होते का पैसे?"

तो गप्प बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "गुरुजी, हे तुम्ही विचारू नये आणि मी सांगू नये."

आम्हाला तेव्हा राग आला. पण त्याचे म्हणणे कायद्याला धरून होते. पक्षकार वकिलाला विश्वासाने जे सांगतो, ते त्याच्या परवानगीवाचून वकिलाने बाहेर सांगायचे नसते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात हे होते. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी नवा कायदा आला, त्यातही आहे. आणि हे आडपडद्याचे कलम फक्त लाचखाऊंसाठी नाही. उद्या तुमच्या बांधाच्या भांडणात तुम्ही वकिलाला घरातली गोष्ट सांगाल, ती त्याने चहाच्या दुकानात सांगितलेली तुम्हाला चालेल का?

"मग सोडून का देत नाहीस वकीलपत्र?" आम्ही विचारले.

"मी सोडले तर दुसरा घेईल. दुसऱ्याने सोडले तर तिसरा. आणि कुणीच घेतले नाही, तर सरकारला वकील द्यावा लागेल. वकिलावाचून झालेली शिक्षा वरच्या कोर्टात टिकत नाही, गुरुजी. मग तुमच्या तक्रारदाराला पुन्हा पहिल्यापासून साक्ष द्यावी लागेल."

ही गोष्ट आम्हाला पटली. आपल्या राज्यघटनेच्या २२ व्या कलमात लिहिले आहे, की पकडलेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करण्याचा हक्क आहे. माणूस चांगला की वाईट, असा भेद तिथे केलेला नाही. काही ठिकाणी वकिलांच्या संघटना ठराव करीत, की अमक्या आरोपीचे वकीलपत्र कुणी घ्यायचे नाही. असे ठराव बेकायदा आहेत, असे सुप्रीम कोर्टाने २०१० साली सांगून टाकले.

हे काही आजचे नाही. सव्वाशे वर्षांहून जुनी गोष्ट सांगतो. आर्थर क्रॉफर्ड नावाचा गोरा साहेब होता. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट त्याच्याच नावाचे. आता त्या मंडईला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे. हा साहेब कोकणाचा माहीतगार. कोकणातल्या दंतकथांचे त्याने पुस्तकही लिहिले. तो कमिशनर होता. कित्येक मामलेदार त्याच्या हाताखाली. बदली हवी, बढती हवी, तर पैसे मोजा, असा बोभाटा झाला. मधला माणूस होता हणमंतराव नावाचा. तळे राखी तो पाणी चाखी म्हणतात, इथे तर तळेच उपसायला घेतले होते.

१८८८ साली प्रकरण फुटले. हणमंतरावावर खटला होऊन त्याला कैद झाली. साहेबाच्या चौकशीला सरकारने कमिशन नेमले. ते पुण्यात बसले. साहेबाच्या बाजूने मुंबईचा नामांकित बॅरिस्टर उभा राहिला. सरकारने मामलेदारांना वचन दिले होते, की खरे सांगा, तुम्हाला धक्का लागणार नाही. त्या वचनावर मामलेदारांनी सांगितले, की होय, आम्ही पैसे दिले. बॅरिस्टराने त्यांना सोडले नाही. जो स्वतः पैसे देऊन जागा मिळवतो, त्याच्या शब्दावर भरवसा कसा ठेवायचा, हा त्याच्या हातातला मुद्दा होता.

शेवटी कमिशनने सांगितले, लाच शाबीत झाली नाही. हाताखालच्या मुलखातल्या लोकांकडून कर्ज काढले, एवढे मात्र शाबीत झाले, आणि त्यापायी साहेबाची नोकरी गेली. पण खरे सांगणाऱ्या मामलेदारांपैकी कित्येकांचीही नोकरी गेली. तेव्हा रत्नागिरीत जन्मलेले बाळ गंगाधर टिळक त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यांचे म्हणणे असे, की मामलेदारांनी पैसे दिले हे वाईटच, पण सरकारने दिलेला शब्द मोडू नये. १८८९ साली ह्यासाठी पुण्यात सभा झाली.

आम्हाला त्या बॅरिस्टराचा तितका राग येत नाही. त्याने आपले काम केले. राग येतो तो शब्द फिरवणाऱ्या सरकारचा. साक्षीदाराच्या पाठीशी कुणी उभे राहत नाही, हे कळले की पुढचा साक्षीदार तोंड उघडत नाही.

आजही खटले पडतात, ते नुसते वकिलाच्या हुशारीने पडत नाहीत. तक्रारदार फिरतो म्हणून पडतात. अधिकाऱ्याचा मेहुणा रात्री घरी येतो. भावकीतले म्हणतात, "झाले गेले, कशाला कुणाच्या पोटावर पाय?" राजापूरहून, लांज्याहून रत्नागिरीला तारखेला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. दोन वर्षांत खटला निकाली काढावा असे २०१८ पासून कायद्यात लिहिले आहे, पण तारखा लांबतात. तेवढ्या काळात माणूस तपशील विसरतो, किंवा भर घालून सांगतो. वकील नेमका तिथेच बोट ठेवतो. म्हणून तक्रार दिली त्याच दिवशी काय बोलणे झाले, कुठे झाले, कोण हजर होते, हे आपल्या वहीत लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते. साक्षीत जेवढे पाहिले आणि ऐकले तेवढेच सांगा. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा. ते बोलायला लाजू नका.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. २०१८ मध्ये कायदा बदलला. तेव्हापासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र नाइलाजाने द्यावी लागली, आणि सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा लाचलुचपत विभागाला कळवले, तर तो गुन्हा होत नाही. आधीच विभागाला सांगून सापळ्यात पैसे दिले, तरीही गुन्हा नाही. सापळ्यात दिलेले पैसे विभाग तक्रारदाराला परत करतो.

वकील जसा अधिकाऱ्याला मिळतो, तसा तुम्हालाही मिळतो. रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी आहे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि मुलांना तिथे मिळकत न विचारता फुकट सल्ला आणि वकील देतात. इतर गरिबांना मिळकतीचा दाखला लागतो. आपल्या तालुक्याच्या कोर्टातही तालुका विधी सेवा समिती असते. अर्ज साध्या कागदावर, स्वतःच्या हाताने लिहिला तरी चालतो.