लाट कोठे फुटते?

आपल्या मारुंजीहून समुद्र दिसत नाही. मधे सह्याद्री उभा आहे. तरीही समुद्राच्या लाटांचा अभ्यास आपल्या पुणे जिल्ह्यातच चालतो, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांत लाटा सोडतात. १९१६ साली सुरू झालेली ही संस्था आता संगणकावर गणिती प्रतिकृतीही तयार करते. गणिती प्रतिकृती म्हणजे काय? चला, एक छोटीशी आपणच करून पाहू.

किनाऱ्याजवळ पाणी उथळ होत जाते. उथळ पाण्यात लाटेच्या वेगाचा वर्ग = ९.८ × खोली. म्हणून ४ मीटर खोलीवर वेग सेकंदाला सुमारे ६.३ मीटर, तर १ मीटर खोलीवर ३.१ मीटर भरतो. पुढची लाट मंदावते आणि मागची तिच्या जवळ येते. ऊर्जा थोड्या जागेत कोंडली जाते व लाट उंच होते. खोली एक चतुर्थांश झाली, की उंची सुमारे १.४ पट होते, हे जॉर्ज ग्रीन या इंग्रज गणितज्ञाच्या नियमावरून निघते.

समजा, ४ मीटर खोलीवर लाट ६० सेंटिमीटर उंच आहे. १ मीटर खोलीवर ती ८५ सेंटिमीटर व्हायला हवी. परंतु मॅककॉवन यांनी १८९४ मध्ये काढलेल्या मर्यादेनुसार, उंची खोलीच्या सुमारे ०.७८ पट झाली की लाट टिकत नाही. १ मीटर खोलीवर ही मर्यादा ७८ सेंटिमीटरच! म्हणजे आपली लाट थोडी आधी, सुमारे १.०७ मीटर खोलीवरच फुटणार.

हा आकडा इतका महत्त्वाचा का? लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. उंची दुप्पट, तर ऊर्जा चौपट. लाट कोठे फुटते यावर बंदराच्या भिंतीला किती मार बसेल, किनाऱ्याची वाळू कोठे वाहून जाईल, होड्या सुखरूप राहतील की नाही, हे अवलंबून असते.

मात्र लाट फुटून फेस झाला, की आपली साधी सूत्रे थकतात. पुढे दर पावलागणिक किती ऊर्जा खर्ची पडली, ते संगणकाला अंदाजाने वजा करावे लागते. हा अंदाज बरोबर आहे ना, हे प्रत्यक्ष मोजलेल्या लाटांशी ताडून पाहतात.

आता तुमची पाळी. ४ मीटर खोलीवर १ मीटर उंच असलेली लाट कोठे फुटेल? ४ ला नव्या खोलीने भागा आणि वर्गमूळ दोनदा काढा. लाटेची नवी उंची मिळेल. ती खोलीच्या ०.७८ पट कोठे होते, ते शोधा. उत्तर १.६ मीटरच्या आसपास आले, तर तुमची प्रतिकृती जमली म्हणायची!