भिंत प्रोसेसरची, वाट कार्डाची

व्हर्च्युअल मशीनला ग्राफिक्स कार्ड थेट देऊन टाकलं तरी काळजीचं कारण नाही, कारण त्या मशीनला, म्हणजे गेस्टला, नेमून दिलेल्या मेमरीबाहेर प्रोसेसरच त्याला जाऊ देत नाही, असं सांगणारे भेटत राहतात. बायॉसमध्ये व्हीटी-एक्स ही प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय सुरू आहे, हायपरवायझर नावाजलेला आहे, मग झालं, अशी त्यांची समजूत असते. हा गैरसमज चिकट आहे, कारण त्यातलं अर्धं खरं आहे. प्रोसेसर अडवतो, पण तो अडवतो फक्त स्वतःवर चालणाऱ्या सूचनांना. गेस्टमधला प्रोग्रॅम एखादा पत्ता वाचायला गेला की इंटेलची ईपीटी किंवा एएमडीची एनपीटी ही दुसऱ्या पातळीवरची पेज टेबलं मध्ये येतात, आणि जे पान गेस्टचं नाही तिथे वाट बंद होते. नेटवर्क कार्ड, एनव्हीएमई डिस्क किंवा ग्राफिक्स कार्ड मात्र या वाटेने जातच नाही. ड्रायव्हर कार्डाला एक पत्ता देतो आणि कार्ड त्या पत्त्यावर स्वतःहून लिहितं किंवा तिथून वाचतं. यालाच डीएमए म्हणतात. या व्यवहारात प्रोसेसरची पेज टेबलं कुठेच येत नाहीत. कार्ड गेस्टच्या ताब्यात दिलं, की पत्ता कोणता द्यायचा हेही गेस्टच ठरवतो. भिंत कितीही जाड असली तरी ती या वाटेवर बांधलेलीच नाही.

त्यावर हमखास येणारा आक्षेप असा, की गेस्टला होस्टचे, म्हणजे मूळ यंत्राचे, खरे पत्ते ठाऊकच नसतात, मग तो नेमकं काय गाठणार? पण इथे नेमकं गाठण्याची गरजच नाही. गेस्टला आपली मेमरी शून्यापासून सुरू होते असं वाटत असतं आणि तो तेच आकडे कार्डाला देतो. त्याच आकड्यांची पानं होस्टकडेही असतात, आणि त्यांत होस्टचं किंवा शेजारच्या गेस्टचं काहीही असू शकतं. म्हणजे कसलाही वाईट हेतू नसलेला, पूर्ण प्रामाणिक ड्रायव्हरसुद्धा मध्ये कोणी पत्ता बदलून देणारं नसेल तर परक्या मेमरीत लिहून मोकळा होईल. हेतू वाईट असेल, तर एकेक पान वाचत सगळी मेमरी चाळता येते. झेन या हायपरवायझरच्या जुन्या पॅराव्हर्च्युअल गेस्टना खरे पत्ते माहीत असत, त्यामुळे तिथे ही पत्ता बदलण्याची सोय नसतानाही कार्ड देता येई आणि ते व्यवस्थित चाले. चालतं म्हणजे सुरक्षित आहे, हा निष्कर्ष किती फसवा आहे ते यावरूनच दिसतं.

पत्ता बदलणारं आणि तपासणारं हे वेगळं हार्डवेअर म्हणजे आयओएमएमयू. इंटेलकडे ते व्हीटी-डी, एएमडीकडे एएमडी-व्हीआय. व्हीटी-एक्स आणि व्हीटी-डी एकच समजणाऱ्यांनी 2011 सालचे इंटेलचे दोन प्रोसेसर शेजारी ठेवावेत. कोअर आय7-2600 मध्ये दोन्ही सोयी होत्या; आय7-2600के मध्ये व्हीटी-एक्स होतं, व्हीटी-डी नव्हतं. लिनक्समधली व्हीएफआयओ ही यंत्रणा आयओएमएमयू नसेल तर गेस्टला डिव्हाइस देत नाही. आयओएमएमयूविना चालणारा एक प्रकार तिच्यात आहे, पण तो सुरू करायच्या पर्यायाच्या नावातच ‘अनसेफ’ लिहून ठेवलं आहे आणि तो वापरला की कर्नल स्वतःवर ‘टेंटेड’ असा शिक्का मारून घेतो. विकासकांनी इतक्या उघडपणे दिलेला इशारा ओलांडून जायचा, तर त्यासाठी फार चांगलं कारण हवं.

आयओएमएमयू सुरू केलं म्हणजे सगळं आपोआप वेगळं झालं, हाही भ्रमच. एकाच पीसीआय एक्सप्रेस स्विचखालची दोन कार्डं वर न जाता परस्पर एकमेकांशी बोलू शकतात, आणि जो व्यवहार आयओएमएमयूपर्यंत पोहोचतच नाही तो ते तपासणार कसं? हा परस्पर व्यवहार अडवणारी सोय म्हणजे एसीएस. ती नसेल तर लिनक्स अशा कार्डांना एकाच गटात टाकतं, आणि गटातलं एक कार्ड गेस्टला द्यायचं तर बाकीची होस्टला वापरता येत नाहीत. याचा वैताग येतो, हे मान्य. पण त्यावर ‘एसीएस ओव्हरराइड’ पॅच हा उपाय म्हणून सुचवला जातो, तेव्हा मात्र गप्प राहवत नाही. तो पॅच हार्डवेअरमध्ये कणभरही बदल करत नाही. जे वेगळं नाही ते वेगळं आहे, एवढंच कर्नलला खोटं सांगतो. मूळ कर्नलमध्ये तो घेतलेला नाही, हे उगीच नाही.

इंटरप्टचं दारही असंच विसरलं जातं. एमएसआय प्रकारचा इंटरप्ट म्हणजे ठरावीक पत्त्यावर केलेलं लेखनच असतं. म्हणून डीएमए करू शकणारं कार्ड हवा तो इंटरप्टही घडवू शकतं. राफाल वोयचूक आणि जोआना रुटकोव्स्का या सुरक्षा-संशोधकांनी 2011 मध्ये याच वाटेने व्हीटी-डीचं संरक्षण भेदून दाखवलं. त्यावर उतारा इंटरप्ट रीमॅपिंगचा. ते नसलेल्या यंत्रावर व्हीएफआयओ अडून बसतं, ते यासाठीच.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘आयओएमएमयू=पीटी’ हा कर्नलचा पर्याय दिल्याशिवाय कार्ड देता येत नाही, हे चूक; तो होस्टच्या स्वतःच्या डिव्हाइसपुरता आहे, गेस्टच्या कार्डावरची तपासणी त्याने ना सुरू होते ना बंद. आयओएमएमयूने सगळं मंदावतं, हेही सरसकट खरं नाही. गेस्टची मेमरी सहसा एकदाच नोंदवून ठेवलेली असते, त्यामुळे दर वेळी नोंद करण्या-पुसण्याचा खर्च त्या कार्डाला पडत नाही. खरी किंमत वेगळीच आहे: कार्ड कधी कुठे लिहील याचा नेम नसल्याने गेस्टची सगळी मेमरी जागच्या जागी अडकून राहते आणि होस्टला ती इतरांना वाटता येत नाही. आणि खरं कार्ड दिलंच नाही म्हणजे निर्धास्त, असंही नाही. 2015 मध्ये उघड झालेली ‘व्हेनम’ ही त्रुटी क्यूईएमयू या एम्युलेटरच्या नकली फ्लॉपी कंट्रोलरमध्ये होती. तिथे चूक होस्टवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरची होती, आणि आयओएमएमयू तपासतं ते फक्त खऱ्या डिव्हाइसचे व्यवहार.