इंग्लंडचे मैदान, परदेशी मॅनेजर

मुलांनो, फुटबॉलचे आजचे नियम ज्यांवरून तयार झाले, ते १८६३ साली लंडनमध्ये लिहिले गेले. ज्या देशाने हा खेळ जगाला शिकवला, त्याच देशाची एक नवलाची गोष्ट तुम्हांला सांगतो. इंग्लंडची सर्वोच्च फुटबॉल स्पर्धा म्हणजे प्रीमिअर लीग. ती १९९२ साली सुरू झाली. तेव्हापासून २०२५ पर्यंत एकाही इंग्रज मॅनेजरने ती जिंकलेली नाही!

मॅनेजर म्हणजे कचेरीतला साहेब नव्हे. संघ निवडणे, सराव घेणे, डावपेच ठरवणे ही त्याची कामे.

पूर्वी अशी स्थिती नव्हती. १९७७ ते १९८२ अशी सलग सहा वर्षे इंग्लंडच्या क्लबांनी युरोपियन कप जिंकला आणि सहाही वेळा मॅनेजर इंग्रजच होते. लिव्हरपूलच्या बॉब पेस्ली यांनी तर तो तीन वेळा जिंकला. तुम्ही म्हणाल, "सर, मग ॲलेक्स फर्ग्युसन? त्यांनी तेरा वेळा लीग जिंकली की!" खरे आहे, पण ते स्कॉटलंडचे. इंग्रज आणि स्कॉटिश यांतला फरक तिकडे फार मानतात.

१९९६ साली फ्रान्सचे आर्सेन वेंगर आर्सेनल क्लबमध्ये आले. त्याआधी ते जपानमध्ये होते. इंग्लंडमध्ये त्यांचे नाव फारसे कोणाला माहीत नव्हते. त्यांनी खेळाडूंचा आहार बदलला, सरावाची पद्धत बदलली. दोन वर्षांत आर्सेनलने लीग जिंकली. पुढे २००३-०४ च्या मोसमात हा संघ ३८ सामन्यांत एकदाही हरला नाही. मग इतर क्लबही परदेशांत मॅनेजर शोधू लागले. खेळाडू तर आधीपासूनच येत होते. २६ डिसेंबर १९९९ रोजी चेल्सी क्लबने अकराही परदेशी खेळाडू मैदानात उतरवले!

मग इंग्रज मॅनेजरांना काही येत नाही का? मला तसे वाटत नाही. वेंगर किंवा स्पेनचे पेप ग्वार्डिओला यांनी नवे शिकवले, हे मान्यच केले पाहिजे. पण अडचण दुसरीच आहे. मोठ्या क्लबला आधी चषक जिंकलेला मॅनेजर हवा असतो आणि चषक जिंकायला हाताशी मोठा क्लब लागतो. पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरू नको, असे म्हणण्यासारखेच हे झाले. त्यामुळे इंग्रज मॅनेजरांच्या वाट्याला बहुधा तळाशी धडपडणारे क्लब येतात.

एडी हाऊ यांचेच पाहा. बोर्नमथ हा छोटा क्लब चौथ्या श्रेणीत बुडायला आला होता, तेव्हा तो त्यांच्या हाती आला. २०१५ साली त्यांनी तो प्रीमिअर लीगमध्ये नेला. नंतर ते न्यूकॅसलचे मॅनेजर झाले. १६ मार्च २०२५ रोजी वेम्ब्लीच्या मैदानावर न्यूकॅसलने लिव्हरपूलला २-१ असे हरवून लीग कप जिंकला. देशातला मोठा चषक त्या क्लबला ७० वर्षांनी मिळाला होता. इंग्लंडमधला मोठा चषक इंग्रज मॅनेजरच्या हाती आला, तोही २००८ नंतर प्रथमच.

त्या दिवशी हरलेल्या लिव्हरपूलचे मॅनेजर होते हॉलंडचे आर्ने स्लॉट. पुढच्याच महिन्यात प्रीमिअर लीग मात्र त्यांनी जिंकली.