तारपावादक घडतो कसा?

पालघर जिल्ह्यातल्या वारली पाड्यांवर तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य शिकवणारी शाळा नाही. पोर बापाच्या, आजाच्या मागे बसून शिकतं, आणि शिकण्याची सुरुवात वाजवण्याआधी वाद्य जुळवण्यापासून होते. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा, सांधे बुजवायला मेण. अवघड आहे तो श्वास. गालात हवा साठवून फुंकत राहायचं आणि त्याच वेळी नाकानं श्वास घ्यायचा, कारण सूर तुटला की तारपानाच करणाऱ्यांची साखळी अडखळते. नाच रात्रभर चालतो. वादक मधोमध फिरत चाल बदलतो, तशी पावलं बदलतात.

भातकापणी ते दिवाळी हा त्याचा खरा हंगाम. एरवी शेती, मजुरी. तरुणांना बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतली पाळी. निव्वळ तारप्यावर घर चालवणं कठीण.

जव्हार तालुक्यातल्या वाळवंडा गावचे भिकल्या लाडक्या धिंडा लहानपणापासून वाजवत आले. नव्वदी गाठल्यावर, जानेवारी 2026 मध्ये, त्यांना पद्मश्री जाहीर झाली. हा मान फार उशिरा आला. हाच तारपानाच वारली चित्रांतून जगभर नेणारे गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना पद्मश्री 2011 मध्येच मिळाली होती.